वयनीच्या वाट्याची अंडी

माझ्या दादाने एका हंगामात जेवढी अंडी खाल्ली तेवढी आमच्या गावात दुसऱ्या कुणी जन्मभरात खाल्ली नसतील. तो आजारी नव्हता, पहिलवानही नव्हता. त्याच्या बायकोला दिवस गेले होते, म्हणून तो अंडी खात होता. आजची पोरंसोरं हे ऐकून हसतात. हसोत. तेव्हा आमच्या घरात कुणी हसत नव्हतं. दादा पाटावर मांडी घालून बसायचा, उकडलेल्या अंड्याला मीठ लावायचा आणि परीक्षेला बसल्यासारखं तोंड करून खायचा. तो नीट गिळतो की नाही ते माय समोर बसून पाहायची. आणि माझी वयनी, जिच्या पोटात लेकरू होतं, ती ओसरीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असायची. तिच्या कैचीचा आवाज मला अजून ऐकू येतो. तेंदूचं पान कापताना कच, कच. आत अंडं सोललं की ती कच जरा मोठी व्हायची.

घर आमचं सिहोऱ्याच्या बाजूला, तळ्याच्या पाळीखाली. मातीच्या भिंती, वर कवेलू, मागच्या अंगणात कोंबड्यांचा खुडा. घरात बाबा, माय, दादा, वयनी, त्यांची राणी नावाची तीन वर्षांची पोर आणि मी. मी अकरा-बारा वर्षांची असेन. नक्की वय मायला माहीत नव्हतं, आणि बाबांना विचारलं तर 'आमची कवशी धानाच्या रोवण्यात झाली', म्हणजे मी भाताच्या लावणीत झाले, एवढंच सांगायचे. कोणत्या वर्षीच्या रोवण्यात, ते विचारलं की म्हणायचे, पाणी चांगलं होतं त्या वर्षी. आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा मायने घरातले सगळे देव एका टोपलीत भरले आणि तळ्यात नेऊन बुडवले. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही, असं ती मोठ्या अभिमानाने सांगायची, आणि तिचा तो अभिमान खोटा नव्हता. पण बाईच्या ताटावर बसलेले नियम काही त्या टोपलीत मावले नाहीत. ते घरीच राहिले. देवांना निदान वर्षातून दोनदा नैवेद्य लागायचा. या नियमांना रोज लागायचा, आणि तोही वयनीच्या ताटातला.

अंडं खाल्लं की पोटातल्या लेकराच्या डोक्यावर केस येत नाहीत. मासोळी खाल्ली की अंगाला खवले येतात. वांगं खाल्लं की लेकरू काळं निघतं. माय स्वतः तव्याच्या बुडासारखी होती आणि तिच्या मायने वांग्याला हात लावला नव्हता, पण हे बोलायची सोय नव्हती. कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानाने लेकराला खाज सुटते, डाळीने वात होतो, दह्याने छाती भरते. पपईचं तर नावसुद्धा घ्यायचं नाही. आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे पोटुशीने पोटभर जेवायचं नाही. पोट एकच, त्यात भातही राहणार आणि लेकरूही राहणार. भातानेच जागा अडवली तर लेकराने कुठे बसायचं? हा हिशेब मायने मला इतक्या वेळा समजावून सांगितला होता की मला तो चौथीच्या गणितापेक्षा जास्त पाठ होता. मग उरलं काय? भात, मीठ आणि पेज. आणि काम. कामाला कोणतंच पथ्य नव्हतं. रोवणा, निंदण, डोक्यावर पाण्याच्या दोन-दोन गुंड्या, उखळात धान कांडणं, रिकाम्या वेळात विड्या. वाकल्याने, उचलल्याने, कांडल्याने पोटातल्या लेकराला काही होत नव्हतं. जे व्हायचं ते फक्त अंड्याने.

राणी अशाच पेजेवर झाली होती. वयनी तीन दिवस कळा देत होती आणि पोर बाहेर आली ती निळी. सुईणीने पाय धरून उलटी केली, पाठीत थापा मारल्या, तेव्हा कुठे मांजरीसारखं एक 'म्याँव' निघालं. तीन वर्षांची झाली तरी तिला एक शब्द येत नव्हता. मान उशिरा धरली, चालायला उशिरा लागली, आणि तोंडातून लाळ गळायची ती थांबायची नाही. तिचं असं का झालं ते मी पुढे एका डॉक्टरणीला विचारलं. ती म्हणाली, उपासमारीनेही झालं असेल, तीन दिवस कळा देण्यानेही झालं असेल, दोन्हींनी मिळूनही झालं असेल, आता कुणी सांगू शकणार नाही. ते उत्तर मला पटलं. जो अशा गोष्टी छातीठोकपणे सांगतो, त्याच्याकडून मी भाजीसुद्धा घेत नाही.

माय मात्र छातीठोक होती. तिचं म्हणणं, वयनीने डोहाळे मनात लपवले. पोटुशी बाईला काही खावंसं वाटलं आणि ती बोलली नाही, किंवा बोलली आणि तिला मिळालं नाही, तर लेकराची लाळ गळते. हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत होतं, जसं सूर्य कुठे उगवतो ते माहीत असतं. "काय लपवलं होतं वो पोटात, सांग तरी आता," असं ती राणीचं तोंड पुसता पुसता वयनीला विचारायची. वयनी खाली मान घालून पान कापायची. कच.

राणीला सांभाळायचं कुणी, हा प्रश्न घरात आला तेव्हा मी चौथी पास झाले होते. गुरुजी घरी येऊन बाबांना म्हणाले की पोरगी हुशार आहे, पाचवीला सिहोऱ्याला पाठवा. बाबा म्हणाले, "पाठवतो ना गुरुजी. राणीले तुमी पाहून घ्या." गुरुजी चहा पिऊन निघून गेले. माझी शाळा तिथेच संपली. माझ्या डाव्या खांद्यावर राणी आली, आणि माझं सगळं लहानपण त्या खांद्याकडून ओलंच राहिलं.

वयनीला दुसऱ्यांदा दिवस गेले त्या वर्षी, रोवणा चालू असताना, नर्सबाई आल्या. त्या सिहोऱ्याहून बांधाबांधाने पायी यायच्या, डोक्यावर काळी छत्री आणि हातात पत्र्याची पेटी. त्यांनी वयनीची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि मायला विचारलं, "मावशी, हिले खावाले काय देता?"

"घरात रायते ते."

"घरात काय रायते?"

"भात."

"आन् भातावर?"

चुलीवर झिंग्यांचं कालवण रटरटत होतं आणि त्याचा वास पार गल्लीपर्यंत गेला होता. नर्सबाईंनी झाकण उचलून पाहिलं. "हे कोणासाठी?"

"माणसांसाठी. रोवण्यातून येतीन ना आता."

"हेबी रोवण्यातूनच आली ना? चिखल त हिच्याच पायाले दिसून राहिला." मग त्या उखळावर बसल्या. "मावशी, आयका. लेकराचं डोकं बाहेर आल्यावर बनत नाई. आतच बनते. आता, याच महिन्यांत. आन् आतमंदी काही दुकान नाई. हे पोरगी खाईन तेच त्याले भेटन. अंडं द्या, मासोळी द्या, हिरवी भाजी द्या, डाळ-भात पोटभर द्या. घरच्या कोंबड्या हायेत, अंडे बाजारात कायले धाडता?"

माय हो हो म्हणाली. सरकारी माणसाला आमच्याकडे नाही कुणी म्हणत नाही. हो म्हणायचं आणि तो पाळीपलीकडे जाईपर्यंत उभं राहायचं.

पण राणीकडे पाहून माय आतून घाबरलेली होती, हे खरं. संध्याकाळी बाबा खाटेवर बसले असताना तिने विषय काढला. नर्स म्हणते, डोक्यासाठी अंडं पाहिजे. बाबांनी चिलीम भरली, ओढली आणि विचार केला. बाबा विचार करायला लागले की घरातल्या बायकांनी पदर खोचून तयार राहावं, असा माझा अनुभव आहे. ते म्हणाले, "नर्स शिकली असन, पण तिनं धान पेरला नाई. धान कशावर जाते? बियावर जाते. रंग मायचा, अक्कल बापाची. मंग अंडं कोणाले पायजे?"

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. दादाने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

मायचा जीव भांड्यात पडला. नर्सचंही ऐकल्यासारखं झालं, नियमही मोडला नाही, आणि अंडं पोराच्या पोटात गेलं, ते वेगळंच. दुसऱ्या दिवसापासून दादाला रोज दोन अंडी सुरू झाली. माझा दादा वाईट नव्हता. तो कसाच नव्हता. समोर ठेवलं ते खायचं आणि सांगितलं ते करायचं, असा माणूस. एकदा त्याने अर्धं अंडं हातात धरून ओसरीकडे पाहिलं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माय म्हणाली, "खा ना, थंडं होऊन राहिलं," आणि त्याने खाल्लं. त्याच्या धाडसाची गोष्ट तेवढीच आहे. दोन महिन्यांत त्याच्या गालांवर चकाकी आली. अक्कल वाढली की नाही ते पाहायला बाबांनी त्याला एकटं बैलबाजारात पाठवलं. तो लंगडा बैल घेऊन आला.

इथे मला माझ्या नातसुनेची गोष्ट सांगावीच लागते, नाहीतर लोक म्हणतील, अडाणी होते ते, तुमचं काय ते जुनं. नातू जवाहरनगरला कारखान्यात आहे, क्वार्टर मिळालं आहे. नातसून शिकलेली. तिला दिवस गेले म्हणून मी महिनाभर तिच्याकडे जाऊन राहिले. तिचा मोबाइल तिला रोज सांगतो, आज तुमचं बाळ लिंबाएवढं, आज आंब्याएवढं, आज बाळाचा मेंदू असा वाढला. कपाटात डब्यांची ओळ, त्यातली भुकटी दुधात टाकायची, डब्यावर गोरं लेकरू चष्मा लावून बसलेलं. एका सकाळी पाहते तर ती पोटाला कानात घालायच्या त्या दोन वाट्या लावून आरामात पडलेली. मी म्हटलं, हे काय वो? म्हणाली, "आजी, बाळाला पाढे ऐकवते. इंग्रजीतून." मी विचारलं, तू काय खाल्लं? म्हणाली, "मळमळतं आजी, कालपासून काहीच गेलं नाही." आणि तिच्यासाठी केलेले मेथीचे लाडू माझा नातू येता-जाता उचलत होता. मी तिला दोन अंडी उकडून दिली, हळू हळू खायला लावली आणि नातवाच्या हातावर चापट मारली. साठ वर्षांत एवढाच फरक पडला. तेव्हा लेकराला अक्कल यावी म्हणून बापाला चारत होते, आता पोटाला पाढे चारतात. माय दोन्हीकडे उपाशीच.

असो. महिन्याभराने नर्सबाई पुन्हा आल्या. मायने त्यांना खाट टाकली आणि त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं, "अंडे चालू केले बाई. रोज दोन-दोन."

नर्सबाई खूश झाल्या. मग त्यांनी वयनीची पापणी ओढली आणि त्यांचं तोंड उतरलं. "मंग डोळे असे कागदावानी काहून?"

मी राणीला खांद्यावर घेऊन दारात उभी होते. म्हटलं, "दादा खाते."

"काय?"

"अंडे. दादा खाते. अक्कल बापाची असते ना, म्हणून."

नर्सबाई बाबांकडे वळल्या. "भाऊ, बी पडलं का नाई बांदीत, वावरात?"

बाबा म्हणाले, "पडलं."

"मंग आता पानी बांदीले देता, का बियाच्या रिकाम्या पोत्याले?"

ओसरीत वयनीची कैची थांबली. नर्सबाई म्हणाल्या, "आन् परह्याचं सांगा. परह्यात रोप उपाशी राहिलं, पिवळं पडलं, त रोवल्यावर त्याले कितीही खत टाका, उभं होते का ते?"

बाबांना उत्तर येत होतं. त्याच वर्षी परह्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, शेणखत कमी टाकलं म्हणून त्यांनी दादाला सगळ्या गावासमोर शिव्या दिल्या होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांना कळलं होतं, अगदी पूर्ण कळलं होतं. नर्सबाई गेल्यावर ते म्हणाले, "बाई बोलते चांगली." मग हात धुऊन पाटावर बसले आणि कालवण मागितलं. घरात एवढाच बदल झाला की दादाची दोन अंडी होती, त्यांचं एक झालं, आणि मायने माझ्या पाठीत दोन धपाटे घातले. अडाणी माणसाला समजावता येतं, असं लोक म्हणतात. समजावता येतंच. समजल्यावर तो काय करतो, ते पाहायला कुणी थांबत नाही.

त्यानंतर थोड्या दिवसांनी तळ्यावर धुणं धुताना मी वयनीला पाळीमागे पाहिलं. ती पाठमोरी बसून काहीतरी चोखत होती. जवळ गेले तर हातात भिंतीच्या मातीचं ढेकूळ.

"वयनी, माती काहून खाऊन राहिली?"

"मातीले कोणी नाई म्हणत नाई, बाई," ती म्हणाली. मी लहान असले तरी नणंद होते, म्हणून ती मला बाई म्हणायची. "तुमीबी सांगजा नोको."

माझ्या मनात तिच्याविषयी माया दाटून आली, असं इथे लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. माझ्या डाव्या खांद्यावर राणी होती, पोलकं लाळेने चिंब झालं होतं, आणि मला एवढंच दिसत होतं की उजवा खांदा अजून रिकामा आहे. दुसरी राणी झाली तर ती तिथेच येणार. मग मी जन्मभर दोन्हीकडून ओली. मला त्या लेकराचं डोकं चांगलं व्हायला हवं होतं, ते माझ्यासाठी.

मी म्हटलं, "वयनी, तू मांगत काहून नाई?"

"कोणाले मांगू?"

"मायले. एकटीत नोको मांगू. सातव्याच्या दिवशी मांग, सगळ्या बायांसमोर. डोहाळे इचारतीन ना, तवा."

वयनीने माती चोखायची थांबवली.

"माय राणीच्या लाळेले भेते," मी म्हटलं. "डोहाळा तोंडातून निंगाला, पाच जणींनी आयकला, मंग त्याले नाई म्हणाची तिची छाती नाई. नाई म्हणन त दुसऱ्याचीबी लाळ तिच्याच डोक्यावर."

वयनी हसली. लग्न होऊन ती नाकाडोंगरीकडून आमच्या घरी आली तेव्हा खूप हसायची, असं शेजारी सांगायचे. राणी झाल्यापासून तिला तसं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "बाप्पा," ती म्हणाली, "तुमाले चौथीतूनच काढलं, ते गावासाठी बरं झालं." आणि ढेकूळ तळ्यात फेकलं.

सातवा महिना दिवाळीनंतर आला. बायका जमल्या, वयनीला पाटावर बसवलं, ओटी भरली. देव बुडवले होते पण ओटी बुडवली नव्हती, ते आलंच. मग घरातल्या मोठ्या बाईने तीनदा विचारायचं, काय खावंसं वाटतं. रीत अशी की चांगल्या घरच्या सुनेने दोनदा मान हलवायची आणि तिसऱ्यांदा लाजून म्हणायचं, बोरं. मग सगळ्या हसतात, बोरं देतात, कार्यक्रम संपतो. माय त्या दिवशी मुद्दाम मोठ्याने बोलली, कारण राणी समोरच बसून ओटीचे तांदूळ लाळेत कालवत होती. "मांगच्या वक्ती हिनं मनात ठेवलं, आता पाहा पोट्टीचं काय झालं. या वक्ती सांगजो बाई, लाजजो नोको. काय खावावाटे?"

वयनीने मान वर केली. दोनदा हलवायची रीत तिने सोडून दिली.

"अंडं, मामीजी," ती सासूला म्हणाली.

माय म्हणाली, "काय म्हणलं?"

"अंडं. आन् मासोळीचं कालवन. आन् डाळ, घट्ट. आन् पोटभर भात." मला वाटलं, संपलं. "आन् माणसांच्या आधी."

शेवटचं मी शिकवलेलं नव्हतं. ते तिचं स्वतःचं होतं.

मायच्या तोंडावर कायकाय येऊन गेलं ते मला अजून दिसतं. ती राणीकडे पाहायची, वयनीकडे पाहायची, पुन्हा राणीकडे. कोपऱ्यात भिवराबुढी बसली होती, गावातली सगळ्यात म्हातारी बाई, तोंडात एक दात नाही. ती खिदळत म्हणाली, "दे वो आता! इचारलं कायले मंग? नाई देशीन त दुसऱ्याचीबी लाळ गळन!" बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. माय म्हणाली, "आन् बोरं?"

"बोरं मंग खाईन," वयनी म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या घरात मोठा छळ सुरू झाला, मायचा. रोज सकाळी तिला विचारावं लागायचं, कारण डोहाळा कधी बदलेल याचा नेम नाही. आणि वयनीचे डोहाळे अगदी नर्सबाईंच्या पेटीतून निघाल्यासारखे. आज अंबाडीची भाजी, उद्या झिंगे, परवा अंडं, पुन्हा अंडं. माय दात खाऊन रांधायची. वाढताना भांडं असं आपटायची की खुड्यातल्या कोंबड्या उडायच्या. पण वाढायची. दादाचं अंडं बंद झालं. त्याने का म्हणून विचारलंही नाही, पेज पुढे आली, पेज प्याला. बाबा रोवण्याएवढे थकून येत नव्हते तरी आधी जेवायला मागायचे, आणि माय म्हणायची, "थांबा जरा. तिचं होऊ द्या. लेकराची लाळ गळाली त तुमी पुसान का?" त्या घरात बाबांना पहिल्यांदाच कुणी थांब म्हटलं होतं. नियम मोडता येत नाही तिथे दुसरा नियम त्याच्या अंगावर सोडावा, ही अक्कल मला तेव्हा आली. ती बापाकडून आलेली नव्हती, एवढं नक्की.

एका दुपारी माय मासोळी तळत होती, मी लाकडं पुढे सारत होते. ती तव्याकडेच पाहत म्हणाली, "तुह्या वक्ती मी नऊ महिने पेजेवर काढले. तू झाली नाई का?"

मी म्हटलं, "झाली."

"चांगली झाली ना?"

मी लाकूड पुढे सारलं. याचं उत्तर मला आजही देता येत नाही. चार बुकं शिकले, हे सगळं स्वतःच्या हाताने लिहिते आहे, म्हणजे चांगलीच झाले म्हणायचं. पण चांगली झाले की अर्धीच झाले, हे ताडून पाहायला पोटभर जेवलेल्या मायच्या पोटची दुसरी कवशी कुठे आहे? तेव्हा मला फक्त एवढं दिसलं की मायने तळलेली मासोळी ताटात ठेवली आणि बोटांना लागलेला मसाला पदराला पुसला. चाटलासुद्धा नाही. तिला कुणी कधी तीनदा विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, चालू होतं तेव्हा वयनी बाळंत झाली. दिवस उगवायला कळा सुरू झाल्या आणि जेवणवेळेच्या आत पोरगा झाला. बाहेर आला तो असा ओरडला की बाबांनी खळ्यावरून ऐकलं. मायने आधी त्याच्या तोंडात बोट घालून पाहिलं. मग रोज पाहायची, लाळ येते का. दात यायच्या वेळी लाळ आली तेव्हा माय दोन दिवस जेवली नाही. मग लाळ थांबली. पोरगा आवाजाकडे मान वळवायला लागला, कोंबडीमागे डोळे फिरवायला लागला, आणि वर्षाचा व्हायच्या आत 'माय' म्हणाला. वयनीला म्हणाला की मायला, यावरून भांडण झालं.

आणि गाव काय म्हणालं? बाबा पारावर बसून सांगायचे, "म्या आधीच म्हणलं होतं. पोराले अंडे चारले ना आमी, त्याचा परिणाम." हळूहळू दादालाही ते खरं वाटायला लागलं. तो पोराला कडेवर घेऊन असा चालायचा की जणू त्यानेच सातवा महिना भोगला. पुढच्या वर्षी आमच्या आळीतल्या तीन बायकांना दिवस होते, आणि त्यांच्या तिन्ही नवऱ्यांना अंडी चालू झाली. मी त्या तिघींना तळ्यावर एकेकीला गाठून मागायचं कसं ते शिकवलं. दोघींनी मागितलं. तिसरी लाजली. माझी शाळा मात्र पुन्हा सुरू झाली नाही. उजवा खांदा कोरडा राहिला, डाव्यावर राणी होतीच, लग्न होईपर्यंत.

राणी तेव्हा पाच वर्षांची होत आली असेल. एका दुपारी पोरगा अंगणात कावळा, कोंबडी, मांजर असं बोटाने दाखवत नावं घेत होता, अर्धी चूक, अर्धी बरोबर. राणी त्याच्या शेजारी बसून त्याच्या बोटाकडे पाहत होती, कावळ्याकडे नाही. माय चुलीपाशी बसून दोघांकडे पाहत होती. मग ती उठली, एक अंडं उकडलं, सोललं नाही, तसंच राणीच्या ताटात ठेवलं. तोवर घरात कुणीच जेवलं नव्हतं. बाबा पाटावर बसले होते आणि त्यांचं ताट अजून रिकामं होतं. राणीचं आधी वाढलं.

राणीने ते अंडं दोन्ही हातांत धरलं. तिचा सगळा दिवस कोंबड्यांत जायचा, अंडं कुठे असतं ते तिला माहीत होतं. ती उठली, डुलत डुलत खुड्यापाशी गेली, अंड्यांवर बसलेल्या ठिपक्यांच्या कोंबडीला हळूच एका हाताने वर केलं आणि ते उकडलेलं अंडं तिच्या पोटाखाली ठेवलं. दादा हसला, बाबा हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू. वयनीची कैची चालूच राहिली.

कोंबडी त्याच्यावर बाकीच्या अंड्यांसारखीच बसली, पूर्ण एकवीस दिवस बसली. पिल्लं निघाली, ते एक राहिलं. पिल्लं घेऊन कोंबडी अंगणात फिरायला लागली तरी राणी रोज सकाळी खुड्यात वाकून ते पाहायची. त्याला वास सुटला तेव्हा दादा दोनदा म्हणाला, फेकून द्या. मायने फेकू दिलं नाही.